नवा सायलेन्सर

ती केस आठवली की आजही माझा संताप होतो. मी चौथी शिकलेली. नवरा पोलिसात असताना वारला, त्याच्या जागी मला महिला पोलीस म्हणून घेतलं. बेळगावच्या एका ठाण्यात नेमणूक होती. साहेबांसमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नसे.

एका दुपारी दवाखान्यातून फोन आला. निपाणीहून आमच्या हद्दीतल्या खासबागेत आलेल्या टॅक्सीत एक बाई मेलेली आणि तिची सून बाळासकट बेशुद्ध सापडली होती. सून माहेरचं बाळंतपण उरकून सासरी निघालेली. सासू न्यायला गेली होती, आई पोचवायला आली होती. बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून मागच्या काचा घट्ट चढवलेल्या. आई मात्र गाडी लागते म्हणून पुढे, ड्रायव्हरशेजारी उघड्या खिडकीला बसली. तिला काहीच झालं नव्हतं. वाटेत तिनंच दोघींना थर्मासमधला चहा दिला, स्वतः घेतला नाही. त्यात ती निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत कामाला. मयताच्या मुलानं फिर्याद दिली, मानपानावरून भांडण होतं, हिनं चहात तंबाखूचं पाणी घातलं. ड्रायव्हरनंही तसाच जबाब दिला. साहेबांनी तिला अटक केली.

"किती तंबाखू घातलीस?"

"साहेब, माझी लेक बी त्योच चहा प्याली की! लेकीला कोण इख घालंल?"

"तिनं चुकून घेतला असंल."

हवालदार हसला. "हाताचा वास घ्या साहेब, पुरावा हातालाच हाय."

वखारीत राबणाऱ्या बाईच्या हाताला तंबाखूचा वास येणार नाही तर काय अत्तराचा? पण मी गप्प राहिले.

दोन दिवस हेच चाललं. मी तिच्याजवळ बसून असायची. ती एवढंच विचारी, "आक्का, लेक जागी झाली काय वो? बाळ दूध पितंय काय?"

तिसऱ्या दिवशी ते ऐकताना माझ्या डोक्यात आलं, बाळ कशानं बेशुद्ध झालं? त्यानं तर चहा घेतला नव्हता.

"वाटेत पाजलंतं काय त्याला?"

"न्हाय. निपाणीतच पाजून निघालो. झोपलंतं ते."

मी साहेबांकडे गेले. कसंबसं सांगितलं. साहेब टोपी घालून उठले. टॅक्सी आम्ही जप्तच केली नव्हती. ड्रायव्हर साक्षीदार, म्हणून गाडी धंद्यावर मोकळी फिरत होती.

ती स्टँडवर सापडली. साहेबांनी वाकून खाली बघितलं. सगळी गाडी गंजलेली आणि सायलेन्सर कोरा, चकाकणारा.

"कधी बसवलास?"

"लई दिवस झालं साहेब."

उद्यमबागेजवळच्या त्याच्या नेहमीच्या गॅरेजवाल्यानं खरं सांगितलं. "काल सकाळी बसवून नेला, साहेब. वरीसभर गाडी बिनसायलेन्सरचीच. पाइप मागच्या शिटाखाली कापलेला. धूर आत यील म्हटलंतं मी. तर म्हणतोय, घाट कसा झपाट्यानं चढतीय बघ!"

मागची सीट उचलली. खालचा पत्रा गंजून आरपार, कडेनं काजळी. डॉक्टर म्हणाले, मयताच्या अंगावर लाली होती, ती धुराचीच.

ड्रायव्हरनं शेवटी कबूल केलं. मागं बसलेली माणसं डोकं धरून उतरायची, हा त्यांना सांगायचा, गाडी लागली. बाई मेल्यावर त्याला सगळं कळलं होतं. कळलं म्हणूनच दुसऱ्या दिवशी नवा सायलेन्सर बसवला, आणि एका निरपराध बाईला खुशाल आत जाऊ दिलं. गुन्हा त्याच्यावर दाखल झाला.

बाईला सोडताना साहेब म्हणाले, "जा." बस्स.

ती दवाखान्यात गेली, मी बरोबर होते. लेक शुद्धीवर आली होती. आईनंच चहात विष घातलं, असं सासरच्यांनी तिला सांगून ठेवलं होतं. आईला बघताच तिनं बाळ पदराखाली ओढलं आणि तोंड भिंतीकडे केलं. आई दारातच थांबली.

मग मीच वॉर्डच्या मधोमध उभी राहिले. "हिनं इख घातलं न्हाई! गाडीच्या धुरानं झालं. पोलीस म्हणून सांगते, हिचा काय बी गुन्हा न्हाई!" सगळ्या खाटा ऐकत होत्या. आयुष्यात एवढ्या मोठ्यानं मी कधी बोलले नव्हते.

लेक वळली. बाळ उचलून तिनं आईच्या हातात दिलं.

अटक होते तेव्हा गल्ली गोळा होते. सुटका होते ती कागदावर, चार भिंतींत. त्यानंतर नोकरीत असेपर्यंत, निर्दोष म्हणून कुणी बाई सुटली की मी वर्दी घालून तिच्या गल्लीपर्यंत जायची आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं सांगून यायची. वरचे हसायचे. हसू देत.