सालोनिकाच्या धक्क्यावर दीड दिवसाचा गणपती

चंद्रप्रभा श्रीरंग आठल्ये, राहणार इंदिरा नगर, लखनौ. व्यवसाय: गृहिणी. दर्जा: प्रतिनिधीसोबतची व्यक्ती, स्वखर्चाने. दौऱ्याचे प्रयोजन: निरंक. शिष्टमंडळाच्या कामकाजावर होणारा संभाव्य परिणाम: निरंक.

शिष्टमंडळ म्हणजे श्रीरंगराव, त्यांचे दोन साहेब आणि चिकनकारीच्या कुर्त्यांचे गठ्ठे. लखनौच्या एका महामंडळाने ९६ सालच्या सप्टेंबरात हे सगळं ग्रीसमधल्या थेसालोनिकीच्या जत्रेला धाडलं. श्रीरंगरावांच्या जुन्या नकाशात गावाचं नाव सालोनिका होतं, म्हणून ते शेवटपर्यंत सालोनिकाच म्हणाले. जत्रेच्या मधोमध गणेशचतुर्थी येत होती, आणि आठल्यांचा गणपती आजवर चुकलेला नव्हता.

"मग तो बरोबर येईल," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या.

त्यांच्या मनात आणखीही एक गोष्ट होती. माहेर गुहागरचं, तिथे गणपती समुद्रात जायचा. लग्नानंतर लखनौत तो अंगणातल्या बादलीत जाऊ लागला, आणि त्याबद्दल त्यांनी देवाची दरवर्षी मनातल्या मनात माफी मागितली होती.

लेक आर्या म्हणाली, "आई, डुबाना तो बाल्टी में ही है. वहाँ भी बाल्टी होगी."

"तिथे समुद्र आहे," बाई म्हणाल्या आणि वीतभर शाडूची मूर्ती पंच्यात गुंडाळून पर्समध्ये ठेवली.

विमानतळावर तपासनिसाने विचारलं, "माताजी, ये भगवान हैं?"

"अभी मिट्टी है, भैया. सोमवार को भगवान होंगे."

सोमवारी हॉटेलच्या टेबलावर प्राणप्रतिष्ठा झाली. नवरा स्टॉलवर गेल्यावर बाई गाव हिंडल्या. चौकात रोमन कमान, वळणावर तुर्की हमाम, मध्येच चर्च. कोण आधी आलं याचा हिशेब गावाने सोडून दिलेला. दूर्वा एका चर्चच्या आवारात मिळाल्या.

मंगळवारी संध्याकाळी उत्तरपूजा करून त्या मूर्ती घेऊन निघाल्या. मागे श्रीरंगराव, त्यांच्या मागे स्टॉलवरची दुभाषी मुलगी एलेनी.

समुद्र होता, पण वाळू नव्हती. दगडी धक्का सरळ कापलेला, पाणी खाली हातभर. फेकायचा तर देव फेकत नाहीत. तीनदा बुडवून सोडतात. बाईंनी पदर खोचला आणि धक्क्यावर पालथ्या झाल्या. श्रीरंगरावांनी त्यांचे पाय धरले. हे दृश्य बघून बंदराच्या शिपायाने शिट्टी फुंकली.

"अगं, उठ. मी इथं सरकारतर्फे आलोय."

"तुम्ही आलात सरकारतर्फे. मी नाही. पाय सोडू नका."

शिपाई आला. एलेनी त्याच्याशी बोलली आणि वळून म्हणाली, "पाण्यात काही टाकायला बंदी आहे म्हणतो."

"कच्ची माती आहे, सांग. रंग हळदीचा. सकाळपर्यंत विरघळेल."

शिपायाने मूर्तीकडे पाहिलं, मग बाईंकडे. त्याने काहीतरी लांबलचक विचारलं.

"जानेवारीत आमचे पाद्री समुद्रात क्रूस टाकतात," एलेनी म्हणाली. "पोरं उड्या मारून तो परत आणतात. तुमचा कोण आणणार, विचारतोय."

"आणायचा नाही. पुढच्या वर्षी आपला आपण येतो."

शिपायाने यावर विचार केला. मग टोपी काढून काखेत धरली आणि त्यांना धक्क्याच्या टोकाला नेलं. तिथे होडीवाल्यांसाठी पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या होत्या. चंद्रप्रभाबाई चपला काढून उतरल्या, पाणी गुडघ्याला लागेपर्यंत. फिरायला आलेलं गाव आइस्क्रीम धरून थांबलं.

श्रीरंगराव आधी दबक्या आवाजात म्हणाले, "गणपती बाप्पा." एलेनीला आदल्या दिवशीच शिकवलेलं होतं, ती "मोरया" म्हणाली. दुसऱ्या वेळी श्रीरंगरावांचा आवाज मोकळा सुटला. तिसऱ्या वेळी धक्क्यावरच्या बऱ्याच लोकांनी, जमेल तसं, "मोरया" म्हटलं. शिपायाने सर्वांत स्पष्ट. मूर्ती बाईंच्या ओंजळीतून सुटली. त्या कितीतरी वेळ तिथेच पाण्यात उभ्या राहिल्या आणि कुणी त्यांना वर बोलावलं नाही.

मग त्यांनी सगळ्यांना खिरापत वाटली. शिपायाने दोनदा घेतली.

शिष्टमंडळाच्या अहवालात त्या संध्याकाळपुढे 'स्थानिक जनतेशी अनौपचारिक संपर्क' असं नोंदलं गेलं. साडी हॉटेलच्या गॅलरीत वाळत होती आणि तिला मीठ धरलं होतं.