ढिगाऱ्यावरची मावशी

"शी," असं म्हणून मावशी पदर नाकाला लावायची आणि मगच चहा गाळायची. किळस हे तिचं व्यसनच होतं म्हणा ना. कुणी बशीतला चहा फुर्र करून ओढला, शी. एसटीच्या खिडकीतून कुणी पिचकारी टाकली, शी. पण सगळ्यांत वरचा मान सरड्याचा. त्याचं नुसतं नाव काढलं तरी तिच्या हातावर काटा यायचा, आणि मी ते नाव मुद्दाम काढायचो.

वरव्याजवळ, पुणे-सातारा हायवेला लागून तिचं चहाचं खोपट होतं. माहेर भोरचं. ईदला खोपट बंद, पण माझा शिरखुर्मा दुसऱ्या दिवशी डब्यात ठेवलेला असायचाच. मी तेव्हा पाट्या रंगवायचो. नव्वदच्या दशकात पुण्याच्या लोकांना डोंगराची हौस आली होती, आणि खोपटामागच्या माळावर एका शेठने प्लॉट पाडायला घेतले होते. त्याची भलीमोठी पाटी माझ्याकडे होती: 'निसर्गाच्या कुशीत'.

तुम्ही तो माळ पाहिला असता तर म्हणाला असता, इथे आहे काय? कुसळं आणि दगड. पण उन्हाळ्यात यायला हवं होतं. प्रत्येक उंच दगडावर एकेक नर सरडा, बोटभर जीव, मान ताठ करून बसायचा आणि गळ्याखालचा पंखा उघडायचा. निळा, काळा, नारिंगी. मिटायचा, पुन्हा उघडायचा. असले रंग माझ्या एकाही डब्यात नव्हते.

"मावशी, बघा तरी, काय नटलाय."

"तूच बघ मुडद्या. मला जेवान जायचं न्हाई."

मग बुलडोझर आला आणि माळ परातीसारखा सपाट झाला. निघालेले दगड त्यांनी मावशीच्या खोपटामागे, तिच्याच जागेत लोटले. सरड्यांना बसायला जागा उरली नाही. काही बिचारे प्लॉटच्या हद्दीच्या, चुना फासलेल्या खुंटांवर चढून मालकी सांगू लागले. शेठची माणसं त्यांना चपलेने टिपायची, पैज लावून. एकाने मेलेला सरडा सुतळीला बांधून मावशीपुढे नाचवला. मावशी "शी" म्हणाली, पण सरड्याकडे न बघता त्या माणसाच्या तोंडाकडे बघून. त्याला त्या दिवशी चहा मिळाला नाही.

वाचलेले सरडे खोपटात शिरले. पाण्याच्या पिंपावर, पावाच्या ट्रेवर, एकदा तर साखरेच्या डब्यावर. मावशी पळत जाऊन रस्त्यात उभी राहिली आणि दूध उतू गेलं. पुढे त्यांना मागचा ढीग सापडला, तेव्हा कुठे खोपट मोकळं झालं.

तेवढ्यात शेठला कंपाउंडच्या भिंतीसाठी दगड हवे झाले. ट्रॅक्टर आला. मी पाटीच्या शिडीवर होतो. वरून बघतो तर मावशी ढिगावर चढून बसलेली. डोळे गच्च मिटलेले, पदर नाकाला, पाय पोटाशी.

"मावशी, उठा. दगड आमचे आहेत," शेठ म्हणाला.

"दगड तुमचं, जागा माजी. टाकताना इचारलं व्हतं का?"

"अहो, सरडे भरलेत त्यात."

"म्हनून तर. ह्यांचं घर मोडलं की ही माज्या घरात येत्यात."

"पण तुम्हाला तर किळस येते त्यांची."

"लई येती. तुमच्या मान्सांची त्येच्याहून येती." मग आवाज बारीक झाला. "पेंटर, माज्या पायावर काय चढलंय का रं?"

"काही नाही मावशी," मी म्हणालो. तिच्या अंगठ्यावर एक नर पंखा उघडून बसला होता.

ट्रॅक्टर रिकामा गेला.

त्यानंतर ती ढिगाकडे कधी फिरकली नाही. पण दर उन्हाळ्यात, चहा गाळता गाळता, तिकडे पाठ करून विचारायची, "बसलाय का रं?"

"बसलाय."

"शी," म्हणायची, आणि माझ्या कपात मलई जरा जास्त पडायची.

पुढे हायवे रुंद झाला आणि खोपट गेलं. मावशी लेकीकडे पुण्याला, तिसऱ्या मजल्यावर राहायला गेली. तिथेच वारली, असं मला बऱ्याच उशिरा कळलं.

पाटी पुन्हा रंगवायला गेलो तेव्हा ढीग भिंतीत गेला होता. भिंतीला गुळगुळीत सिमेंट, बोट शिरेल एवढीही फट नाही. आत हिरवळ, त्यावर सिमेंटची हरणं, एकाच्या तोंडातून पाण्याचा पाइप निघालेला. मी रुमाल नाकाला लावला.

खोपटाच्या जागी, रुंद झालेल्या रस्त्याच्या कडेला, चूल तेवढी उरली होती. तिच्यावर एक नर. भिंतीकडे तोंड करून त्याने पंखा उघडला. मिटला. पुन्हा उघडला. समोर ना दुसरा नर, ना मादी.

"मावशी, बसलाय," मी मोठ्याने सांगितलं.

शी म्हणायला कोणी नव्हतं.