बाबांनी उरकुडे सरांना हरवलं ती दुपार

उरकुडे सर काल गेले.
ब्रह्मपुरीत आता माझ्या विरोधात बोलणारं कोणी उरलं नाही.

कॉलेजात ते आम्हाला राज्यशास्त्र शिकवायचे. शिकवायचे कसले, भांडायचे! आम्ही जे म्हणू त्याच्या बरोबर उलट.

मी म्हटलं, "कुणालाही कुठल्याही देशात राहायचा हक्क हवा." की सर लगेच सीमेवर पहारा द्यायला उभे.
दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "बरं सर, देशाला नाही म्हणायचा अधिकार आहे." तर सर निर्वासितांची बाजू घेऊन माझ्यावर तुटून पडले.

"सर, तुमचं खरं मत काय?"
"ते मी घरी ठेवून येतो."

या भांडणांतूनच मला विषयाचं वेड लागलं. जर्मनीत ॲडमिशन मिळाली, स्कॉलरशिपसकट. विषय हाच. माणसाने देश ओलांडावा की नाही, आणि ते ठरवायचं कोणी.

आणि बाबा म्हणाले, "नाई."

नागभीडजवळचं आमचं गाव, धानाची शेती. बाबांचं 'नाई' म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

मी रडत सरांकडे गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी सर स्कूटरवरून आमच्या दारात हजर. वाटलं, सुटले!

सरांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले,
"भाऊ, तुमचं बरोबर आहे. पाठवू नका पोरीले."

माझ्या हातातला ट्रे पडायचाच बाकी होता.

"इथी शिकली, इथी मोठी झाली. आन फायदा त्या जर्मनीवाल्याईले काऊन?"
बाबा जरा चुळबुळले. "तसं नाई सर. पोरगी का धान आहे, कोठीत भरून ठेवाले?"

"पण देश त्याईचा आहे. दार लावाचा हक्क आहे त्याईले."
"असन ना. मंग माह्या पोरीले दार ठोठवाचा हक्क नाई का?"

"बाहेरचे लोक आले का गाव बिघडते, भाऊ."
झालं! बाबा बाजेवरून उठलेच.
"आपल्या बाया दरवर्षी मिरची तोडाले तेलंगणात जातेत. कोणतं गाव बिघडलं थे सांगा!"
"तेलंगणा आपल्याच देशात आहे."
"मिरचीले माहीत आहे का थे?"

सरांनी कप खाली ठेवला. मग हात जोडले.
"हरलो भाऊ."

बाबांनी तिथूनच आईला हाक मारली, "पोरीची बॅग काढ वं!"

पुढे कितीतरी दिवस बाबा गावभर सांगत फिरले, प्रोफेसरले हरवलं म्हणून. बाजारात, बांधावर, बसस्टँडवर. सर समोर असले तर तेही मान डोलवायचे, "हो ना, भाऊनं बोलूच नाई देल्लं मले."

आज सरांना शेवटचं पोचवून घरी आल्यावर बाबांनी मला इकडे फोन केला. मला राहवलं नाही.
"बाबा, खरं सांगू? सर तेव्हा मुद्दाम हरले होते."

बाबा हसायलाच लागले.

"मले का समजलं नाई वाटते तुले? त्याईनं तोंड उघडलं तवाच समजलं."

"मग?"

"मलेबी तुले पाठवाचंच होतं वं बाई. हिंमत होत नव्हती. त्या मानसानं मले जिंकू देल्लं, म्हणून झाली."

इथे जर्मनीत, खिडकीशी उभी राहून, मी हसत हसत रडले.

सर, खूप खूप प्रेम. तुमच्या या विद्यार्थिनीचा शेवटचा नमस्कार.