कागदाबरहुकूम

पोस्टात पार्सलच्या खिडकीवर बसणाऱ्या तिला सगळं ऑफिस ‘कॅटलॉग’ म्हणायचं. पाठीमागे नव्हे, चांगलं तोंडावर. आणि तिला त्याचा राग येणं तर सोडाच, एखाद्या दिवशी कुणी म्हटलं नाही, तर घरी जाऊन ती आरशापुढे उभी राहायची, की आज नेमकं बिनसलं कुठे?

नाव पडायला कारण होतं. तिच्या कपाटात दुकानातून आणलेला तयार कपडा औषधालाही नव्हता. उभ्या कॉलरचा कोट, कमरेला चुन्या घातलेला फ्रॉक, एका बाजूला बटणं असलेला ब्लाउज, सगळं घरच्या मशीनवर शिवलेलं. पण मनाने काढलेलं नाही हं! त्यासाठी ती छापील पॅटर्नची पाकिटं विकत आणायची. पाकिटावर एक उंच, बारीक बाई कमरेवर हात ठेवून उभी. चेहरा असा, की जन्मात कधी भांडं घासलेलं नसावं. आत कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ कागद, त्यावर रेघा, बाण, टिंबं. हा कागद एकदा उघडला की पुन्हा त्या पाकिटात जात नाही, कुणाच्या बापाला जमत नाही. कॅटलॉगच्या घरी अशी फुगलेली पाकिटं पलंगाखाली, फ्रिजवर, नवऱ्याच्या बुटांच्या कपाटातसुद्धा सापडायची. “उद्या मलाच घडी घालून पाकिटात ठेवशील,” असं नवरा म्हणायचा आणि पेपरात डोकं घालायचा.

खिडकीला काच. काचेपलीकडून लोकांना तिचं दिसणार किती? गळा, कॉलर आणि खांदे. त्यामुळे तिचा सगळा जीव तिथे. पार्सल तोलता तोलता बायका विचारायच्या, “कुठून शिवून घेतलंत हो?” मग कॅटलॉग शिक्का उचलायची, ठपकन मारायची आणि म्हणायची, “घरीच! कागद आणते, कापते, शिवते. एक रेघ हलवावी लागत नाही. आपण आहोतच कागदाबरहुकूम.”

हे तिचं आवडतं वाक्य. शेजारच्या तिकिटांच्या खिडकीवरचीने हौसेने तेच पाकीट आणलं होतं एकदा. तिला छातीत सैल, दंडात घट्ट, पाठीवर फुगा. रडकुंडीला आली बिचारी. कॅटलॉगने तिचं सांत्वन केलं, पण मनात उकळ्या फुटत होत्या. कंपनी लाखो बायकांसाठी कागद छापते आणि तो नेमका आपल्याला बसतो, ही काय साधी गोष्ट आहे?

आता या सगळ्यात ताई कुठे होती, तर पाठीमागे. अगदी खरोखर पाठीमागे. माणसाला स्वतःची पाठ स्वतः टाचता येत नाही. अंगावर कपडा उलटा चढवून उभं राहायचं आणि दुसऱ्या कुणी तरी टाचण्या लावायच्या, हाच रिवाज. कॅटलॉगची ही थोरली बहीण दोन गल्ल्या सोडून एकटीच राहायची. अंगाने चांगली भरलेली, बोलायला कमी. सुट्टीच्या दिवशी सकाळी यायची, तोंडात टाचण्या धरायची आणि कामाला लागायची. कॅटलॉग आरशाकडे तोंड करून ऑफिसातल्या भानगडी सांगत राहायची, ताई मागून “हं” करायची. तोंडात टाचण्या असलेल्या माणसाला दुसरं बोलता तरी काय येणार! टाचून झालं की ताई कच्चा धावदोरा घालून द्यायची आणि कॅटलॉग त्यावरून मशीनची टीप मारायची. खांद्याचे पॅड, अस्तर, बटणं, म्हणजे हाताने करायची सगळी किचकट कामं ताईच करायची. कॅटलॉगला हातशिलाईचा मनस्वी कंटाळा.

त्या दिवशी चालला होता हिरवा ब्लाउज. धावदोरा घालून झाल्यावर ताईने तो उचलला, आपल्याच अंगाला लावला आणि आरशात बघत म्हणाली, “असलं काही मला कसं दिसेल गं?”

कधी नव्हे ते विचारलं होतं. आणि आमची कॅटलॉग, जिभेला हाड नसलेली बया, खो खो हसत म्हणाली, “तुला? ताई, तुझ्या अंगाचा कागद कंपनीने अजून काढला नाही! काढला तर पाकिटात मावायचा नाही. माझ्यासारखं कागदाबरहुकूम जन्मावं लागतं.”

ताईने ब्लाउज घडी करून मशीनवर ठेवला. उरलेल्या टाचण्या डबीत टाकल्या. चहा अर्धा टाकून गेली. पुढच्या सुट्टीला आली नाही. त्याच्या पुढच्याही. फोन केला तर म्हणाली, “गुडघे दुखतात.” दोन गल्ल्या चालण्याइतके गुडघे कधीपासून दुखायला लागले, हे कॅटलॉगला कळेना. म्हणजे कळत होतं, पण कळून घ्यायचं नव्हतं. “एवढं काय बोलले मी? थट्टासुद्धा करायची नाही?” असं ती नवऱ्याला म्हणाली. नवऱ्याने पेपर खाली केला, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा वर केला.

बरं, राहील रुसून चार दिवस. कॅटलॉगने निळ्या लोकरी कापडाचा कोट कापायला घेतला. पॅटर्न जुनाच, दोनदा शिवून झालेला. कापला, स्वतःच जोडला, टीप मारली, अंगात घातला, आरशापुढे गेली. आणि बघतच राहिली.

डाव्या बाजूला गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी वळी पडली होती. कॉलर एकीकडे ओढल्यासारखी, डाव्या खांद्याचं कापड पाणी भरल्यासारखं लोंबतंय. तिने कोट खाली ओढला, वर ओढला, झटकला. वळी जागची हलली नाही.

आता दुसरी एखादी चिडली असती. कॅटलॉग चिडलीच, पण त्याहून जास्त तिला कुतूहलाने पछाडलं. हे झालं कसं? आजवर जे डोळे मिटून बसत होतं, ते आजच का बसत नाही? कुठे तरी पाणी मुरत होतं, आणि ते शोधून काढल्याशिवाय तिला अन्न गोड लागणार नव्हतं.

पहिला संशय कंपनीवर. यांनी माप गुपचूप बदललेलं दिसतंय! पॅटर्नच्या दुकानात जाऊन तिने तेच पाकीट नवं कोरं आणलं, घरच्या खिडकीच्या काचेवर जुना कागद लावला आणि त्यावर नवा. उन्हात दोन्ही कागद आरपार दिसत होते. रेघेवर रेघ, टिंबावर टिंब. केसाचाही फरक नाही. मग संशय मशीनवर. मशीनवाला आला, त्याने पट्टा बघितला, तेल घातलं, चिंधीवर टीप मारून दाखवली आणि म्हणाला, “मशीन ठणठणीत आहे, बाई. माझ्या लग्नाआधीपासूनचं आहे, पण माझ्यापेक्षा तब्येतीने बरं.” मग कापड आटलं असेल म्हणून तिने एक तुकडा भिजवला, वाळवला, मोजला. तोही जेवढ्याचा तेवढाच. पॅटर्नच्या दुकानातल्या बाईला विचारलं, तर ती म्हणाली, “वय झालं की शरीर बदलतं हो.” कॅटलॉगने तिला असं काही पाहिलं, की तिने लगेच नवीन बटणं दाखवायला घेतली.

कोट घालून ती खिडकीवर बसली, तेव्हा तिकिटांवरचीने वाकून पाहिलं. “आज कॅटलॉगचं पान दुमडलंय वाटतं,” ती म्हणाली. सगळे हसले. कॅटलॉगही हसली, पण तो दिवस तिने शाल पांघरून काढला.

घरी आल्यावर तिने कपाट उघडलं आणि त्याच पॅटर्नचा जुना, करडा कोट काढला. हा अजूनही अंगावर ओतल्यासारखा बसायचा. मग यात आणि त्यात फरक काय? दोन्ही पलंगावर शेजारी पसरले. बाहेरून बघून काही उमगेना. शेवटी कात्री घेतली, मन घट्ट केलं आणि करड्या कोटाचं अस्तर खांद्यापाशी उसवलं.

उजवीकडे पॅड होता, साधा, एका थराचा. डावीकडेही पॅड होता. पण त्याच्याखाली आणखी एक होता. त्याखाली कापसाचा एक थर, बारीक टाक्यांनी असा टिपलेला, की बोट फिरवलं तरी उंचवटा कळू नये. कॅटलॉगने उजव्या-डाव्याची पुन्हा खात्री केली. मग फ्रॉक काढला. त्याला पॅड नव्हते, पण खांद्याची शिलाई उजवीकडे जेमतेम आणि डावीकडे बोटभर आत घेतलेली. मुंढा, म्हणजे बाही जोडायचा घेर, तोसुद्धा त्या मानाने खाली उतरवलेला. एका बाजूच्या बटणांचा ब्लाउज, तसाच. घरात घालायचा गाऊन, तोही तसाच. हिरवा ब्लाउज मशीनवर अजून तसाच पडला होता. त्यावर ताईचा पांढरा धावदोरा, डावीकडे खोल, उजवीकडे उथळ. आजवर आपण त्या दोऱ्यावरून नुसतं मशीन पळवत आलो, खाली मान घालून एकदाही पाहिलं नाही.

ती आरशासमोर गेली. नुसत्या बनियनवर. सरळ उभी राहिली. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली होता. थोडाथोडका नव्हे, चांगला दिसण्याइतका.

पलंगावर तो पातळ कागद पसरलेला होता. तिने आजवर तो किती वेळा कापडावर ठेवला असेल. कापड दुमडायचं, घडीवर कागद ठेवायचा, कापायचं. कंपनी अर्धीच बाई छापते. उरलेली अर्धी तशीच असणार, असं धरून चालते. आणि मीही धरून चालले, कॅटलॉगला वाटलं. म्हणजे कागदाबरहुकूम मी कधीच नव्हते. मला कागदाबरहुकूम करत होती ताई. आणि तिलाच मी काय बोलले! तिला इतकी लाज वाटली, की ती पलंगाच्या कडेवर बसली आणि हुंदके देऊन रडली. नवरा धावत आला, उसवलेल्या कपड्यांचा ढीग बघून म्हणाला, “चोर आला होता का?”

“तुम्हाला माहीत होतं? माझा खांदा?”

“लग्नाच्या दिवसापासून,” नवरा म्हणाला. “मला वाटलं, तुलाही माहीत आहे.”

तिने तोंड धुतलं, तो निळा कोट, तसाच, वळीसकट अंगात घातला आणि भर संध्याकाळच्या गर्दीतून दोन गल्ल्या ओलांडून ताईच्या दारात उभी राहिली. ताई मटार सोलत बसली होती. तिने वर पाहिलं, नजर सवयीने थेट डाव्या खांद्यावर गेली.

“हा घालून आलीस रस्त्याने?”

“आले. ताई, किती वर्षं करतेस हे?”

“तू मशीन घेतलंस तेव्हापासून.” ताईने शेंग फोडली. “शाळेत होतीस तेव्हाच दिसत होतं मला. तुझ्या फ्रॉकची बाही नेहमी ओघळायची.”

“मग सांगायचं नाही मला? मी आपली गावभर मिरवतेय!”

“काय सांगू? शिवून झालं की तू आरशापुढे गिरकी घ्यायचीस. इतकी खूश असायचीस! मला मजा यायची गं. लोक तुझ्या कोटाला नावाजतात म्हणून सांगायचीस ना, तेव्हा मी मनात म्हणायचे, नावाजा, नावाजा, तो खांदा माझा आहे.” ताई थोडी हसली, मग थांबली. “पण त्या दिवशी फार लागलं मला. ओठांवर आलं होतं सांगायचं. पण इतकी वर्षं तोंडात टाचण्या धरायची सवय, गप्प बसले.”

कॅटलॉग ताईच्या शेजारी जमिनीवर बसली. “चुकलं माझं, ताई. फार वाईट बोलले. मला माफ कर.” मग पर्समध्ये हात घालून तिने टेप काढला. “ऊठ. तुझं माप घेते. तुला शिवते मी.”

“मला?” ताईने परात बाजूला सरकवली. “कंपनीने कागद काढलाय का माझा?”

“कंपनी गेली खड्ड्यात. ऊठ तू.”

ताई उठली, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. आणि कॅटलॉग टेप हातात घेऊन तिच्या मागे तशीच थांबली. ताईला तिने पाठमोरं कधी पाहिलंच नव्हतं. आरशात दिसायची ती खाली घातलेली मान, आपल्या खांद्यामागून डोकावणारे पांढरे केस, एवढीच. मानेखाली ताईच्या पाठीला पोक आलं होतं. वाकून वाकून आलं होतं का वयाने, कोण जाणे. कॅटलॉगने मानेच्या मणक्यापाशी टेप धरला आणि त्या उंचवट्यावरून हळूच खाली कमरेपर्यंत आणला. एकदा मोजलं, दुसऱ्यांदा मोजलं. बोलायचं की नाही, ते तिला ठरवता येईना.

“काय झालं?” ताईने मान न वळवता विचारलं. “खरं सांग हं.”

“पाठीला बाक आलाय, ताई.”

“ठाऊक आहे,” ताई म्हणाली. “तू कधी बघतेस, याचीच वाट बघत होते.”