सरवा

समता तायडे यांनी उंद्रीच्या कॉलेजात सव्वीस वर्षं इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाल्यावर बरोबरच्या शिक्षिकांनी दर गुरुवारी शेगाव धरलं, समताबाईंनी एका अमेरिकन लेखिकेचे निबंध मराठीत आणायला घेतले. निबंध पुस्तकांविषयीचे, वाक्यं अशी, की एक शब्द हलवला तर सगळं वाक्य लंगडायचं. सकाळी स्वयंपाक, दुपारी दोन पानं, अशी चार वर्षं गेली. शेजारच्या झुंबरबाई विचारायच्या, "मॅडम, अजून पेपरच तपासून राह्यल्या का?"

अडलं ते पुस्तकाच्या नावाशी. मूळ नाव एका शब्दाचं होतं: पीक निघाल्यावर रानात राहिलेलं वेचणं. थोरांनी पीक नेलं, मग मी वेचायला आले, असं लेखिका म्हणते. शब्दकोशात ओळभर अर्थ होता, शब्द नव्हता. शेवटी त्यांनी तूर निवडत बसलेल्या आईला, कलाबाईंना, विचारलं.

"सरवा," कलाबाई मान वर न करता म्हणाल्या. "तुले ठाऊक नाही? सरव्याच्याच भाकरी खाऊन शिकली तू."

ठाऊक होतं. लोकांची ज्वारी सोंगून झाली की मायलेकी रानात पडलेली कणसं वेचायच्या. शाळेत पोरी 'सरवेवाली' म्हणून हाक मारायच्या. तेव्हापासून तो शब्द समताबाईंच्या तोंडात आला नव्हता. आता त्यांनी तो पहिल्या पानावर लिहिला.

पुण्याहून संपादकांचा फोन आला तेव्हा हाताला कणीक होती, म्हणून तो स्पीकरवर घेतला.

"भाषांतर उत्तम आहे मॅडम. पण 'सरवा' कुणाला कळणार? जरा ग्रामीणही वाटतं. आपण 'वेचक' करू. शुक्रवारी मुखपृष्ठ छापायला जातंय, चुकलं तर पुस्तक पुढच्या वर्षावर."

"सांगते," म्हणून समताबाईंनी फोन बंद केला.

"बरं झालं," शेजारी सूप घेऊन बसलेल्या कलाबाई म्हणाल्या. "सरवा काऊन लिहितं पुस्तकावर? गाव म्हणीन, झाली मॅडम, पण राह्यली सरवेवालीच."

"मग वेचक टाकू?"

"म्हंजे काय?"

"चांगलं चांगलं निवडून घेतलेलं."

कलाबाईंचा हात सुपात थांबला. "निवडून तर मालक नेते व. आपल्याले कोणं निवडू देल्लं?" खडा सापडला, तो त्यांनी बाजूला टाकला. "नको ते. आपलंच टाक."

समताबाईंनी फोन लावला. "सरवाच राहील. जमत नसेल तर हस्तलिखित परत पाठवा."

मग संपादक म्हणाले, "निदान तळटीप द्या. आत्ता."

समताबाईंनी तिथंच पाटावर कागद घेतला आणि लिहिलेलं आईला वाचून दाखवलं: "सरवा म्हणजे पीक काढल्यावर मालकाने गरिबांसाठी रानात सोडलेली कणसे."

"सोडलेली?" कलाबाई हसल्या. "मालक हिंमतराव काठी घेऊन बांधावर उभा राहे. त्याच्या नजरेतून सुटे, ते आपलं."

समताबाईंनी 'मालकाने गरिबांसाठी रानात सोडलेली' खोडलं, 'मालकाच्या नजरेतून सुटलेली' लिहिलं आणि टीप पाठवून दिली.

परातीतली कणीक वरून वाळली होती. पाण्याचा हात लावून त्यांनी ती पुन्हा मळायला घेतली.