साऊंड कार्डाला लावलेलं कुंकू

दसऱ्याला मी साऊंड कार्डाला कुंकू लावलं. कोरडं चिमूटभर नव्हे... पाण्यात कालवलेलं, चांगलं ओलं. आणि लावलं कुठे, तर कार्डाच्या खालच्या कडेला ज्या सोनेरी पट्ट्या असतात, बरोबर त्यांच्यावर. दसरा आहे, सोनं आहे, मग कुंकू तिथेच लावायला पाहिजे, असा माझा शास्त्रशुद्ध विचार. कार्ड परत मशीनमध्ये खोचलं, आरती म्हटली, पेढे खाल्ले आणि सगळं विसरलो.

हे वाचून मी भोळसट वाटेन. तसा मी नाही. अमानवीय अनुभव सांगणाऱ्यांची मला पहिल्यापासून कीव येते. कोणाच्या तरी काकाला चिंचेखाली बाई दिसली म्हणे! दिसली असेल. काका कसे होते, ते सगळ्या गल्लीला माहीत असतं. तेव्हा माझ्यावर असं काही लिहायची वेळ यावी, याची सगळ्यात जास्त लाज मलाच वाटते.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. रामदासपेठेत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर कॉम्प्युटर क्लास होता, तिथे मी युनिक्स शिकवायचो. चपला बाहेर काढायच्या, आत एसी, आणि मधोमध देवासारखं मशीन. त्या काळचा कॉम्प्युटर फार तर ‘टुक्’ करायचा. त्याला बोलतं करणारं हे कार्ड माझ्या मेहुण्याने परदेशातून आणलेलं. युनिक्ससाठी त्याचा ड्रायव्हर, म्हणजे मशीनला कार्ड वापरायला शिकवणारा प्रोग्राम, मी स्वतः लिहिला होता. त्याचा मला भयंकर माज होता.

तो माज सासऱ्यांना दाखवायला गेलो, तिथून हे सगळं सुरू झालं. सासरे कोराडीच्या बसने आले होते. मी माईक त्यांच्यासमोर धरला, म्हटलं, “बाबा, बोला काहीतरी.” ते माझ्याशी बोललेच नाहीत. मुलीकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे वळले आणि म्हणाले, “याले काही जमत नाही वं. नुसता डब्ब्यासमोर बसून राहते.”

माईक चालू होता. ‘बाबा’ नावाची फाईल तयार झाली.

त्यानंतर दिवाळीच्या आसपास ते गेले. घरी टेपरेकॉर्डर होता, पण तो दिसला की ते “बंद कर ते” म्हणून उठून जायचे. त्यामुळे त्यांचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला, माझ्या मशीनमध्ये. आणि त्यात काय, तर माझी लायकी.

पुढच्या वर्षी दसरा झाला, कुंकवाचं ते प्रकरण झालं, आणि वर्षश्राद्ध जवळ आलं तशी बायको म्हणाली, “मले एकदा बाबांचा आवाज ऐकू द्या न जी. टेपवर उतरवून घेतो, म्हणजे आईलेही ऐकवता येईन.”

मी फाईल वाजवली. शांतता.

युनिक्सची एक खोड आहे. चूक झाली तरी सांगत नाही, बरोबर झालं तरी सांगत नाही. सासरे बरे, ते निदान सांगायचे. मी ड्रायव्हर पुन्हा वाचला, युनिक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, पुन्हा बांधला, कार्डाचे इंटरप्ट नंबर बदलले, स्पीकर बदलला. रोज संध्याकाळी घरी गेलो की बायको नुसतं बघायची. “झालं का?” हेसुद्धा विचारणं तिने सोडलं होतं. ते जास्त लागायचं.

आमचे ठवकर सर, जे कोबोल ही जुनाट कॉम्प्युटर-भाषा शिकवायचे आणि त्यामुळे कशावरही विश्वास ठेवू शकायचे, म्हणाले, “सर, मेलेल्या माणसाचा आवाज आहे. त्यायले नसंन बोलायचं तुमच्याशी.”

“जिवंतपणी तरी कुठे बोलायचे?” मी म्हटलं. ठवकरांनी मशीनला लिंबू-मिरची बांधली. मी ती काढली. त्यांनी परत बांधली.

शेवटी रविवारी सकाळी बायको स्वतःच टेपरेकॉर्डर घेऊन क्लासवर आली. आता तोंड दाखवायला जागा नव्हती. दुसरं काही सुचेना म्हणून मी कार्ड उपसून काढलं, आणि शेजारी उभे असलेले ठवकर किंचाळले, “रक्त!”

माझी बोटं लाल झाली होती. ज्या सोनेरी पट्ट्यांनी कार्ड मशीनला जोडलं जातं, त्यांच्यावर लाल खपली धरली होती. मी वास घेतला.

“कुंकू आहे हे,” बायको म्हणाली. “काहून लावलं तिथं?”

मी खोडरबरने पट्ट्या घासून लख्ख केल्या, कार्ड बसवलं, मशीन चालू केलं. बायकोने टेपरेकॉर्डर स्पीकरला टेकवला. मी टेपचं बटण दाबलं आणि फाईल वाजवली.

खरखर झाली. मग सासऱ्यांचा आवाज आला, तसाच, नाकातला: “जमलं वाटते याले. पण वेळ किती लावला!”

बस, एवढंच.

बायकोने पदर तोंडाला लावला. ठवकर चपला न घालताच खाली गेले. मी टेप मागे नेऊन लावली, तर कोरी! टेपचं नुसतं ‘प्ले’ दाबलं होतं, ‘रेकॉर्ड’ दाबलंच नव्हतं.

फाईल परत वाजवली. “याले काही जमत नाही वं. नुसता डब्ब्यासमोर...” पुन्हा लावली. पुन्हा तेच. मशीनमध्ये दुसरी फाईल नव्हती. होती तिचा आकार, तारीख, काहीच बदललेलं नव्हतं. आणि ते ‘जमलं वाटते’ बाबा त्या दिवशी बोललेच नव्हते. आम्ही दोघंही समोर होतो. पुढे कित्येक तज्ज्ञांना विचारलं. त्यांनी ज्या तऱ्हेने माझ्याकडे पाहिलं, त्या तऱ्हेने मी आयुष्यभर दुसऱ्यांकडे पाहत आलोय.

जुनं वाक्य तेवढं नीट टेपवर उतरवलं. स्कूटरवर बसताना बायको म्हणाली, “जमलं म्हणाले न, ते काही बाबा नव्हते जी. पण वेळ किती लावला म्हणाले... ते बाबाच.”