काकूची पैठणी कॉलेजात जाते

चहा आधी संपवून टाका. मागे एकाला हे ऐकताना ठसका लागला होता, आणि माझ्या नावावर आधीच काही कमी पराक्रम नाहीत.

मी मूळची कळवणची. नाशिकच्या आर्ट कॉलेजात प्रवेश मिळाला आणि काका-काकूंकडे राहायला आले. पहिल्या वर्षाला फोटोग्राफी आणि चित्रकला दोन्ही. फोटोग्राफीत मी बरी होते, निदान माझा तसा समज होता. चित्रकलेत मात्र सगळा आनंदीआनंद.

एका बुधवारी सर म्हणाले, "उद्यापासून वस्तुचित्र. घरून काहीतरी छान आणा. भांडं, फळं, कापड." आता कापड म्हटल्यावर शहाणा माणूस चादर नेतो. मी काकूच्या कपाटातून पैठणी उचलली.

तीही कोणती? काकूचं माहेर येवला. तिच्या वडलांनी, आबांनी, तिच्या लग्नासाठी स्वतःच्या मागावर विणलेली जांभळी पैठणी. विचारलं का मी? छे. फोटोच्या तासाला आम्ही वस्तू मांडायचो, फोटो काढायचो आणि संध्याकाळी घरी न्यायचो. चित्राचंही तसंच असणार, असं मी धरून चालले. वरून पैठणीचं मलमलीचं गाठोडं रिकामं दिसू नये म्हणून त्यात दुसरी साडी गुंडाळून ठेवली. नको तिथे माझी अक्कल कशी चालते बघा.

सर पैठणी पाहून खूश. मधोमध स्टुलावर ती सोडली, पदरावरचे मोर दिसतील अशा चुण्या पाडल्या, वर तांब्या ठेवला आणि शेजारी चार वांगी. आम्ही अठरा जण भोवती गोल करून बसलो. मग सर म्हणाले, "पुढच्या गुरुवारी सबमिशन. तोवर इथली एक चुणीसुद्धा कुणी हलवायची नाही."

संध्याकाळी पैठणी घरी न्यायचा माझा बेत तिथेच बारगळला. पण आठवडाभर काकू कशाला कपाट उघडतेय, अशी स्वतःची समजूत घातली.

संध्याकाळी मेथी निवडता निवडता काकू म्हणाली, "मनू, रविवारी येवल्याला भाचीचं लग्न. आबांची पैठणी नेसणार आहे. आबा गेल्यानंतर माहेरचं पहिलंच कार्य आहे गं."

माझ्या हातातली मेथी तशीच राहिली.

मग मी डोकं चालवलं. मी डोकं चालवते तेव्हा आसपासच्यांनी सावध व्हावं. शनिवारी सगळे गेल्यावर मी माझ्या जागेवर बसून मांडणीचा झकास फोटो काढला, चुणी न् चुणी दिसेल असा. पैठणी घरी आणून मलमलीत ठेवली. सोमवारी फोटो बघून परत जशीच्या तशी मांडायची, बास.

रविवारी काकू काय दिसत होती! माहेरच्या बायका पदराला हात लावून आबांची आठवण काढत होत्या. काकूचे डोळे भरून आले. मी निश्चिंत मनाने दोन जिलब्या जास्त खाल्ल्या.

सोमवारी काकू पूजेला बसली आणि पैठणी परत माझ्या पिशवीत. फोटो समोर धरून मी अर्धा तास खपले. माझ्या जागेवर बसून पाहिलं, तंतोतंत. स्वतःचीच पाठ थोपटली.

मग वर्ग भरला.

"माझा मोर कुठे गेला?" माझ्या बरोबर समोर बसणारी रोहिणी म्हणाली.

"माझ्याकडे काठ दिसत होता, आता नुसतं स्टूल दिसतंय."

"अरे, काल भूकंप झाला का इथे?"

सरांनी मला उभं केलं. मी सगळं सांगितलं.

"फोटो किती काढलेस?"

"एक."

"कुठून?"

"माझ्या जागेवरून."

"आणि बाकीचे सतरा जण काय तुझ्या मांडीवर बसून चित्र काढणार होते?"

म्हणे फोटोग्राफी बरी! वस्तूला मागची बाजू असते हे मला त्या दिवशी कळलं.

"काकूंना माहीत आहे हे?" सरांनी विचारलं. मी जमिनीकडे पाहिलं. "लाव फोन," सर म्हणाले.

अर्ध्या तासात काकू रिक्षाने आली. तिने आधी वांगी उचलून बाजूला ठेवली. "आबांच्या पैठणीवर वांगी, मनू?" एवढंच म्हणाली, तेही हळू. ओरडली असती तर परवडलं असतं. "चुकलं गं काकू," मी म्हटलं आणि मला रडूच आलं.

तिने पैठणीचा पदर उचलला, तेवढ्यात तिची नजर रोहिणीच्या बोर्डाकडे गेली. जवळ जाऊन ती बराच वेळ बघत राहिली.

"हा मोर आबांचाच," ती म्हणाली. "मान अशी जराशी तिरकी. आबांचा हात होता तो." मग डोळे पुसून तिने रोहिणीला विचारलं, "तुझ्याकडून कसं दिसत होतं, सांग बरं."

"पण काकू, तुमची साडी..." सर म्हणाले.

"विणकराची पोर आहे मी. कापड कुठे कसं पडतं ते मला विचारा."

पदर खोचून ती एकेका बोर्डासमोर गेली. चित्र बघायची, येऊन चुणी सरकवायची. "दोन बोटं वर, काकू." "आता काठ थोडा बाहेर, काकू." तासाभरात सतराच्या सतरा जण खूश झाले. वांगीसुद्धा तिने स्वतःच परत मांडली, पण खाली फडकं घालून.

शेवटी ती माझ्या बोर्डापाशी आली.

"आणि हे काय काढलंयस? गोणपाट?"

"पैठणी," मी म्हटलं.

काकूने सुस्कारा सोडला. "आबा नाहीत तेच बरं."

गुरुवारपर्यंत पैठणी वर्गातच राहिली आणि काकू रोज तिची विचारपूस करायला येत राहिली. रोहिणीचं चित्र वार्षिक प्रदर्शनात लागलं. काकूने ते अख्ख्या येवल्याला सांगितलं. माझ्या निकालाबद्दल मात्र ती आजही कुणापाशी अवाक्षर काढत नाही. त्या वर्षी आमच्या घरातून दोघी कॉलेजात गेल्या होत्या, मी आणि पैठणी. वस्तुचित्रात पास झाली ती पैठणी.